वणवे, वाढतं तापमान आणि विझवणाऱ्यांची हरवलेली उसंत

जंगलातली आग विझवायला निघालेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा पाण्याचा पाइप नसतो. कुदळ, फावडं, यांत्रिक करवत, पाचोळा उडवणारा ब्लोअर आणि पाठीवरच्या टाकीत थोडंसं पाणी, एवढ्यावर काम चालतं. डोंगरात बंब चढत नाही, आणि चढला तरी त्यातलं पाणी काही मिनिटांत संपतं. मग ही माणसं करतात काय? आगीच्या वाटेत जमिनीची एक पट्टी खरवडून काढतात. गवत, पालापाचोळा, झुडपं, वरवरची मुळं बाजूला करून खालची माती उघडी पाडतात. हीच जाळरेषा. आग तिथवर येते आणि पुढे जळण नाही म्हणून थांबते. कधीकधी जाळरेषेच्या आतल्या बाजूला मुद्दाम आग लावून मधला पट्टा आधीच जाळून टाकतात, म्हणजे मुख्य आग पोचेपर्यंत तिच्यासाठी काही उरत नाही.

विमानातून पडणारा तो लाल पदार्थ आपण बातम्यांमध्ये पाहतो. तोसुद्धा आग विझवत नाही. झाडागवतावर बसून तो त्यांचं जळणं मंदावतो आणि जमिनीवरच्या तुकड्यांना थोडा वेळ मिळवून देतो. तेवढ्या वेळात जाळरेषा पूर्ण झाली नाही, तर विमानाची फेरी वाया गेली असं समजायचं. या कामात सगळा खेळ वेळेचा आहे. म्हणून हवामानबदलाने वणव्यांचं काय केलं हे समजून घेताना, किती हेक्टर जळलं यापेक्षा विझवणाऱ्यांना किती वेळ मिळाला हे पाहणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

आधी एक गैरसमज दूर करू. हवामानबदल आग लावत नाही. आग लागते विजेमुळे किंवा माणसामुळे: अर्धवट विझवलेली शेकोटी, तुटलेली वीजवाहिनी, यंत्रातून उडालेली ठिणगी, कधी कोणी मुद्दाम लावलेली काडी. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव ज्या आगीत बेचिराख झालं, ती एका जुन्या वीजवाहिनीपासून सुरू झाली होती. ८५ माणसं गेली. ‘बघा, तारेमुळे लागली, हवामानाचा काय संबंध?’ असं म्हणणारे तेव्हाही होते. पण नोव्हेंबर उजाडला तरी तिथे शरदातला पाऊस आलेला नव्हता. ओल्या गवतावर पडलेली ठिणगी मरते, कोरड्या गवतावर पडलेली पसरते. ठिणगी तीच, ती पडते कशावर हे बदललं आहे.

जिवंत झाड मुळांतून पाणी ओढतं. गळून पडलेलं पान, वाळकी काडी, उन्मळलेलं खोड यांना तशी सोय नसते. त्यांच्यात ओल किती राहणार हे आजूबाजूची हवा ठरवते. हवा जितकी गरम, तितकी तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता जास्त. तापमान एका अंशाने वाढलं की ही क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तेवढं बाष्प हवेत मुळात नसेल, तर ती कमतरता हवा माती, पानं, लाकूड यांच्यातून भरून काढते. दोरीवरचे ओले कपडे कडक उन्हाळ्यात बघता बघता वाळतात, तेच इथे घडतं. हवेची क्षमता आणि तिच्यातलं प्रत्यक्ष बाष्प यांतल्या फरकाला शास्त्रज्ञ बाष्पदाबाची तूट म्हणतात. ही तूट तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, उसळत जाते. २० अंशांवरून २१ वर जाणं आणि ४० वरून ४१ वर जाणं जंगलाला सारखं नसतं.

वणवा विझवणारे जळणाची विभागणी तासांत करतात. साधारण ६ मिलिमीटरपेक्षा बारीक ते ‘एक तासाचं’ जळण, अडीच सेंटिमीटर जाडीपर्यंत ‘दहा तासांचं’, साडेसात सेंटिमीटरपर्यंत ‘शंभर तासांचं’ आणि त्याहून जाड, २० सेंटिमीटरपर्यंतचे ओंडके ‘हजार तासांचे’. हवा बदलली की त्या जळणाच्या ओलीवर परिणाम व्हायला साधारण किती वेळ लागतो, त्याचा हा अंदाज. गवत सकाळी दमट आणि दुपारी ज्वालाग्राही असू शकतं. जाड ओंडक्याला तेवढं सुकायला कित्येक आठवडे लागतात. थंड प्रदेशांतल्या जंगलांचं खरं संरक्षण या ओंडक्यांतल्या ओलीत होतं. हिवाळ्याचं बर्फ उशिरा वितळायचं, ओंडके निम्मा उन्हाळा ओलसर राहायचे. आता बर्फ लवकर वितळतं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच हजार तासांचं जळण तयार असतं.

ओंडके पेटले की कामाचं स्वरूपच बदलतं. गवताची आग झपाट्याने येते आणि निघून जाते. ओंडका, खोड, जमिनीतलं मूळ दिवसेंदिवस आतून धुमसत राहतं. मग सुरू होतं या व्यवसायातलं सगळ्यात कंटाळवाणं काम: जाळरेषेच्या कडेने प्रत्येक खोड उलथायचं, राख उकरायची, हातमोजा काढून उघड्या हाताने धग लागते का ते चाचपायचं. हे काम कोणी दाखवत नाही, पण आठवडाभरानंतर वारा सुटल्यावर ‘विझलेली’ आग पुन्हा भडकते ती बहुधा हे अपुरं राहिल्यामुळे.

या सुकण्याचा हिशेब मांडला गेला आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जंगलांचा १९८४ ते २०१५ या काळातला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवनिर्मित तापमानवाढ झाली नसती तर जेवढं जंगल जळलं असतं, त्याच्या जवळपास दुप्पट जळलं, असा त्याचा निष्कर्ष होता. तापमानवाढीमुळे जादा जळलेलं हे क्षेत्र सुमारे ४२ लाख हेक्टर.

आता रात्रीकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं आहे. सूर्य मावळल्यावर हवा गार होते, दमटपणा वाढतो, वारा पडतो, बारीक जळण हवेतून ओल शोषून घेतं आणि आग बसते. पिढ्यान्‌पिढ्या विझवणाऱ्यांनी या तासांवर भिस्त ठेवली. दिवसभर मागे हटायचं, रात्री आणि पहाटे पुढे सरकायचं, अर्ध्यांनी झोपायचं. पण जगाच्या बऱ्याच भागांत रात्रीचं तापमान दिवसाच्या तापमानापेक्षा वेगाने वाढलं आहे. रात्र पुरेशी गार होत नाही, ओल परत येत नाही. रात्रभर जोमात जळत राहणाऱ्या आगी आता उपग्रहांच्या नोंदींत जास्त दिसतात. अशा आगीच्या समोर सकाळी उभी राहणारी तुकडी काल जिथे थांबली होती तिथून काम सुरू करू शकत नाही. ती जागा आता आगीच्या मागे गेलेली असते.

वर्षाचंही तेच झालं. १९७९ ते २०१३ या काळात आगीला पोषक असलेल्या ऋतूची लांबी जगभराच्या सरासरीत सुमारे १९ टक्क्यांनी वाढली. हा आकडा कागदावर छोटा वाटेल, पण त्यावर एक अख्खी व्यवस्था उभी होती. उत्तर गोलार्धातला आगीचा ऋतू संपला की दक्षिणेतला सुरू व्हायचा. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका एकमेकांना माणसं पाठवायचे, भाड्याची मोठी विमानं आलटूनपालटून वापरायचे. आता दोन्हीकडचे ऋतू लांबून एकमेकांवर चढू लागलेत आणि एकाच विमानाची दोन ठिकाणी गरज पडते. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून जास्त जंगल जळलं, तेव्हा दक्षिण आफ्रिकेपासून फ्रान्सपर्यंतच्या तुकड्या तिथे पोचल्या होत्या. त्या वर्षी हे जमलं. पाठवणाऱ्या देशांतही त्याच वेळी जंगल पेटलेलं असेल, तर कोण कोणाकडे जाणार?

लॉस एंजेलिसच्या २०२५ मधल्या आगी तर जानेवारीत, म्हणजे ऐन हिवाळ्यात लागल्या. त्यांची कथा आणखी एका गैरसमजाला धक्का देते: पाऊस चांगला झाला की आग कमी, हा तो समज. आधीचे दोन हिवाळे तिथे भरपूर पावसाचे होते. त्या पावसावर गवत आणि झुडपं माजली. मग कित्येक महिने जवळपास कोरडे गेले आणि ते सगळं वाळलं. त्यावर सांता आना नावाचे कोरडे, जोरदार वारे सुटले. अतिओल्या आणि अतिकोरड्या काळांमधले असे हेलकावे गरम हवेत तीव्र होतात, कारण तीच हवा पाऊस पाडताना जास्त पाडते आणि शोषताना जास्त शोषते. ७ जानेवारीच्या रात्री वाऱ्यामुळे विमानं उडवता आली नाहीत. काही भागांत नळखांबांतला, म्हणजे बंबांना पाणी देणाऱ्या रस्त्यावरच्या नळांतला दाब गेला, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. पण शहराची नळयोजना एखाददुसरी इमारत पेटेल हे धरून बांधलेली असते. वस्तीच्या वस्ती एकदम पेटल्यावर पुरेल अशी ती जगात क्वचितच कुठे असेल.

आग लागल्यानंतरच्या पहिल्या तासांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे आकडे फसवतात. अमेरिकेसारख्या सुसज्ज यंत्रणा असलेल्या देशात दर शंभर वणव्यांपैकी ९५हून जास्त सुरुवातीच्या हल्ल्यातच, लहान असताना विझवले जातात. बाकीचे निसटतात आणि जळालेलं बहुतेक क्षेत्र त्या मूठभरांच्या नावावर जमा होतं. निसटणं ठरतं कशावर? ज्वाळांच्या लांबीवर. साधारण १.२ मीटरपर्यंतच्या ज्वाळांसमोर माणसं हत्यारं घेऊन उभी राहू शकतात. त्यापुढे २.४ मीटरपर्यंत बुलडोझर, बंब, विमानं यांची मदत लागते. त्याहून लांब ज्वाळा असतील तर आगीच्या तोंडावर जाऊन काही साधत नाही, आणि साडेतीन मीटरच्या आसपास गेल्यावर आगीचा पुढचा भाग अडवायचा प्रयत्नच सोडून द्यावा लागतो. मग बगलांवर काम करायचं आणि हवा बदलायची वाट पाहायची. जळण जितकं कोरडं, तितक्या या पायऱ्या भराभर चढल्या जातात. पूर्वी तुकडी पोचेपर्यंत पहिल्या पायरीवर असलेली आग आता कधीकधी तिसऱ्यावर भेटते. तुकडी तेवढीच चपळ असते, रस्ताही तोच असतो.

फार मोठी आग स्वतःचं हवामान तयार करते. प्रचंड उष्णतेने हवा वर उसळते, धुराच्या डोक्यावर गडगडाटी ढग बनतो आणि त्यातून विजा पडून लांबवर नव्या आगी लागू शकतात. पाऊस मात्र बरेचदा जमिनीवर पोचण्याआधीच वाळून जातो. २६ जुलै २०१८ रोजी कॅलिफोर्नियात रेडिंग शहराजवळ आगीतून जे चक्रीवादळ उठलं, त्यातला वारा ताशी २३० किलोमीटरपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. त्यात एका अग्निशमन कर्मचाऱ्याचा जीव गेला. ३० डिसेंबर २०१९ रोजी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये आगीतून उठलेल्या वाऱ्याने कित्येक टनांचा बंबच उलटवला आणि आतला स्वयंसेवक दगावला.

इथे एक मुद्दा सहसा सुटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला. आणीबाणीत निर्णय घेताना हे लोक पर्यायांची तुलना करत नाहीत, असं त्यांना आढळलं. समोरचं दृश्य आधी पाहिलेल्या कुठल्या दृश्यासारखं आहे हे ते क्षणात ओळखतात आणि त्यावरून पुढची चाल ठरवतात. म्हणजे वीस वर्षांचा अनुभव ही या क्षेत्रातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट. आता हाच अनुभव अधूनमधून दगा देतो. ‘या उतारावर, या महिन्यात, संध्याकाळी सहानंतर आग खाली बसते’ हे ज्ञान ज्या हवामानात कमावलं ते हवामानच बदललं असेल, तर जुना जाणकार नवख्यापेक्षा जास्त धोक्यात येऊ शकतो, कारण नवखा निदान बिचकतो. म्हणूनच टेहळणीसाठी माणूस ठेवा, संपर्क तुटू देऊ नका, पळण्याची वाट आणि सुरक्षित जागा आधी ठरवा, हे चार जुने नियम आज जास्तच कडकपणे पाळावे लागतात. सुरक्षित जागेवरून दुसरीकडे निघालेल्यांना आग किती झटकन गाठते हे अ‍ॅरिझोनात ३० जून २०१३ रोजी दिसलं. वादळामुळे वाऱ्याने दिशा बदलली आणि २० जणांच्या निष्णात तुकडीतले १९ जण मेले. ती घटना हवामानबदलाच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. पण वाऱ्याने फिरवलेल्या आगीपुढे कौशल्याला किती मर्यादा असतात, ते तिच्यातून कळतं.

आता शरीर. इमारतीच्या आगीत शिरणारा जवान पाठीवर हवेचं सिलिंडर घेतो. वणव्यात ते शक्य नसतं. सिलिंडर अर्धा-पाऊण तास पुरतं आणि पाळी बारा ते सोळा तासांची असते. त्यामुळे कित्येक ठिकाणी तोंडावर रुमाल बांधूनच काम केलं गेलं, आणि रुमाल धुरातले सूक्ष्म कण अडवत नाही. त्यात भर अशी की वस्त्या जंगलाला भिडल्यामुळे आता लाकडाबरोबर गाड्या, प्लास्टिक, रंग, बॅटऱ्याही जळतात. जंगलातल्या तुकड्या शहराचा विषारी धूर घेतात, तोही अनेकदा मास्कशिवाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या व्यवसायाला कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू याच गटात आहे. गटाचा अर्थ पुरावा किती भक्कम आहे एवढाच. धोका तंबाखूइतका असा त्याचा अर्थ नाही. पण ऋतू लांबला, रात्रीची विश्रांती गेली, की धूर घेण्याचे दिवसही वाढतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

उन्हाचं वेगळंच. चढावर ओझं घेऊन तासन्‌तास खणणाऱ्या माणसाच्या अंगात साठणारी बरीचशी उष्णता आगीची नसते, त्याच्या स्वतःच्या स्नायूंची असते. बाहेरची हवा गार असेल तर ती निघून जाते. ४० अंशांत निघत नाही. अति श्रम आणि उष्मा एकत्र आले की स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. धडधाकट पंचविशीतल्या लोकांना हे होतं.

ऑस्ट्रेलियासारख्या देशात हे काम मुख्यतः स्वयंसेवक करतात. शेतकरी, शिक्षक, सुतार, कोणीही. एखाद्या आठवड्याची आग असेल तर ही पद्धत छान चालते. २०१९-२० चा उन्हाळा मात्र महिनोन्‌महिने जळत राहिला, आणि नोकरी-धंदा बाजूला ठेवलेल्या लोकांची घरं अडचणीत आली. शेवटी सरकारने स्वयंसेवकांना कमाल ६,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत भरपाई जाहीर केली. स्वयंसेवेवर उभी असलेली व्यवस्था किती लांबीच्या ऋतूसाठी बनवली होती, हे त्या निर्णयातून दिसतं.

सगळा दोष हवामानावर टाकला की काही लोकांची मस्त सोय होते, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकेत १९१०च्या भयंकर आगीनंतर प्रत्येक वणवा विझवायचाच असं धोरण आलं. १९३५ मध्ये तर नियमच झाला: आगीची खबर मिळाली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आणायची. दिसायला हे यश होतं. पण छोट्या आगी दर काही वर्षांनी खालचं गवत-झुडूप साफ करतात, ते काम थांबलं आणि जळण साचत गेलं. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी हजारो वर्षं ऋतू बघून थोडंथोडं जंगल जाळत असत. वसाहती आल्यावर तेही बंद पाडलं गेलं. उपाय म्हणून आता सगळे नियंत्रित जाळपोळीकडे वळतात. गंमत अशी की तिलाही हवामान आडवं येतं. हवा फार ओली नको, फार कोरडी नको, वारा बेताचा हवा. असे दिवस बऱ्याच ठिकाणी कमी होत चाललेत. एप्रिल २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत वनखात्याने लावलेली अशीच एक आग हाताबाहेर गेली आणि वनखात्यानेच लावलेल्या दुसऱ्या एका आगीशी मिळून त्या राज्याच्या नोंदीतला सगळ्यात मोठा वणवा झाली. त्यानंतर वनखात्याला देशभर नियंत्रित जाळपोळ तीन महिने थांबवावी लागली. तरीही ती बंद करणं हा मार्ग नाही, असं माझं मत आहे. ती न करण्याची किंमत आपण पाहतोच आहोत.

‘जगात जळणारं एकूण क्षेत्र तर घटलंय’ हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. तो खोटा नाही. १९९८ ते २०१५ मध्ये ते सुमारे एक चतुर्थांशाने घटलं, मुख्यतः आफ्रिकेसारख्या प्रदेशांतल्या गवताळ मैदानांची शेती झाल्यामुळे. पण गवताची आग आणि जंगलाची आग एका तराजूत घालता येत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-अभ्यासानुसार, २००३ ते २०२३ दरम्यान अतितीव्र वणव्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. कॅनडाच्या २०२३ च्या आगींतून सुमारे ६५ कोटी टन कार्बन हवेत गेला. इंधनं जाळून वर्षाला याहून जास्त कार्बन सोडणारे देश तीनच आहेत: चीन, अमेरिका आणि भारत. तो कार्बन पुन्हा तापमान वाढवणार.

या सगळ्यामुळे दलांच्या कामाची व्याख्या हळूहळू बदलते आहे. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसं मेली, त्यातली निम्म्याहून जास्त घरांत किंवा घरांच्या आसपास. तोवर ‘थांबा आणि घर वाचवा, नाहीतर लवकर निघा’ असा सल्ला दिला जाई. नंतर आगीच्या धोक्याच्या पातळ्यांमध्ये एक नवी, सगळ्यात वरची पातळी जोडली गेली. त्या पातळीच्या दिवशी घर राखण्याचा विचारच करू नका, वेळ असताना धोक्याच्या भागातून निघून जा, असं यंत्रणा आधीच सांगते.

बाकी दिवशी घर वाचतं की नाही, हे बहुधा ठिणग्या ठरवतात. घरं पेटतात ती अनेकदा ज्वाळांच्या भिंतीमुळे नव्हे, तर मैलभर आधीच उडत आलेल्या निखाऱ्यांमुळे. पॅराडाइजमध्ये कित्येक घरं राख झाली आणि शेजारची झाडं हिरवी उभी होती. म्हणून छपराच्या पन्हाळीतला पाचोळा काढणं, माळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी लावणं, भिंतीला लागून दीड मीटरपर्यंत जळण्याजोगं काही न ठेवणं या गोष्टींना इतकं महत्त्व आलं आहे. वस्तीत आग शिरते तेव्हा तुकडीला एकेका घराबद्दल एक-दोन मिनिटांत ठरवावं लागतं: इथे थांबायचं की पुढे जायचं. छपरावर पाचोळा साचलेला, भिंतीला लाकडाचा ढीग टेकलेला आणि बंब वळवायला जागा नसलेला चिंचोळा रस्ता, असं दिसलं तर बंब पुढच्या घराकडे जातो.